प्रकरण संपेपर्यंत

रोहितला अग्नी देऊन आल्याच्या चौथ्या दिवशी उत्तमरावांचं पत्र अकोल्याला शालिकरामच्या घरी पोचलं. पोस्टमनला घरात काय झालंय ते ठाऊक होतं. त्यानं नेहमीसारखी हाक मारली नाही. पाकीट फाटकाच्या सळईत अडकवलं आणि सायकलवर न बसता, हातात धरूनच, तो पुढं गेला.

पत्र रोहित गेला त्याच दिवशीचं होतं. उत्तमरावांनी ते अमरावतीला सकाळी लिहिलं, दुपारी पेटीत टाकलं, आणि संध्याकाळी शालिकरामचा पोरगा शहराबाहेरच्या तलावात सापडला. तो एकोणीस वर्षांचा होता. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला एकदा बसला होता, मार्क कमी पडले म्हणून पुन्हा बसणार होता. राजापेठेत क्लास लावला होता आणि राहायला उत्तमरावांकडे होता, त्यांच्या घरात मागच्या खोलीत.

शालिकरामनं अंगणातच पत्र उघडलं.

‘प्रिय शालिक, आज पहाटेच वाचायला बसलो. कादंबरी जाडजूड आहे, निम्मी कंटाळवाणी. पण मधलं एक प्रकरण असं जमलंय की विचारू नकोस. माझी सवय तुला माहीत आहे. प्रकरण संपेपर्यंत मी डोकं वर काढत नाही. साक्षात यम आला तरी त्याला हात दाखवून बस म्हणेन. आज तुझे चिरंजीव दोनदा दारात येऊन उभे राहिले. दोन्ही वेळा मी नुसता हात वर केला. दुसऱ्या वेळी तर दोनच पानं उरली होती! पोरगा शहाणा, निमूट गेला. वाचणाऱ्याला छेडू नये एवढं माझ्या घरात राहून त्याला कळलं, हीसुद्धा कमाईच म्हणायची.’

पुढं आणखी पानभर पुस्तकाविषयी होतं. शालिकरामनं ते वाचलं नाही.

रोहितची आई मैनाबाई दारात बसली होती. चार दिवसांत ती जागची फारशी हललीच नव्हती. तिनं पाकीट ओळखलं.

“भाऊजीचं हाय का? काय लिवलं?”

“काई नाई,” शालिकराम म्हणाला. “पुस्तकाचंच.”

त्यानं पत्राची घडी केली आणि आत जाऊन सातबाऱ्याच्या पिशवीत घातली. उत्तमरावांची बाकीची सगळी पत्रं एका पत्र्याच्या पेटीत होती. हे एकच त्यानं वेगळं ठेवलं.

त्या दोघांची दोस्ती अकोल्याच्या शेतकी कॉलेजातली. उत्तमराव दर्यापूरकडच्या काळ्या मातीतल्या घरचे, भरपूर जमीन असलेले. शालिकराम अकोल्याच्या कडेला फुलांचे मळे करणाऱ्या माळ्याचा पोरगा. हॉस्टेलात एका खोलीत राहिले. दोघांनाही वाचायचं वेड. उत्तमरावांनी शेतकी मधेच सोडली, मराठीचे प्राध्यापक झाले, कादंबऱ्या लिहिल्या, मुंबईला बोलावून त्यांना बक्षिसं दिली गेली. शालिकराम मळ्यात परतला. शेवंती, झेंडू, निशिगंध. पहाटे बाजार, दुपारी पाणी, आणि रात्री जेवणानंतर थोडं वाचन.

पण पत्रं कधी थांबली नाहीत. उत्तमराव फोनवर बोलायचे तेव्हा तब्येत आणि पाऊसपाणी एवढंच बोलायचे. खरं काय ते पत्रात लिहायचे, आणि पत्रात ते फक्त वाचण्याविषयी लिहायचे. सभेत ते मोठमोठं बोलत. शालिकला मात्र आपण घरात कसे वाचतो ते सांगत. जेवताना वाचायची सवय असल्यानं त्यांच्या सगळ्या पुस्तकांवर हळदीची बोटं होती. लायब्ररीचं पुस्तक घरात असलं की त्यांची बायको शकुनबाई त्यांना कोरडी भाकर आणि चटणीच वाढत. एसटीत नेता यावं म्हणून जाड पुस्तकाचे ते सुरीनं चार तुकडे करत आणि वाचून झालं की पोत्याच्या दाभणानं परत शिवत. बरोबरीच्या लेखकांची पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचत आणि लोकांत ‘अजून बघितलं नाही’ म्हणत. कुठल्याही देशातली कादंबरी असो, तिच्यातल्या सासूला ते आपल्या गावच्या एका भांडखोर म्हातारीचं तोंड देत, तेव्हा कुठं ती त्यांना दिसू लागे. आणि स्वतःचं लिहिलेलं, मग ती कादंबरी असो की पोस्टकार्ड, एकदा हातावेगळं झालं की ते पुन्हा वाचत नसत.

मैनाबाईला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की शालिकराम तिला वाचून दाखवायचा. ती ओसरीत हार गुंफत बसलेली असायची, मांडीवर ओवायला केळीचं सोपट, बाजूला ओल्या फडक्यात फुलं. त्या भांडखोर सासूविषयीचं पत्र तिनं तीन-चारदा वाचून घेतलं होतं. “मानूस येडा हाय, पन चांगला हाय,” असं ती म्हणायची. मळ्यात तुरीच्या शेंगा आल्या की पिशवीभर अमरावतीला धाडायची.

म्हणूनच रोहितला अमरावतीला ठेवायची गोष्ट निघाली तेव्हा तिनं एका शब्दात होकार दिला. शालिकरामला तर वाटलं होतं, की उत्तमच्या घरात राहील तर पोराला वाचायचीही गोडी लागेल.

अग्नी दिला त्या दिवशी उत्तमराव आले होते. स्मशानात शालिकरामच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. दहाव्यालाही आले. तोवर पत्र सातबाऱ्याच्या पिशवीत पडलं होतं. ते आपण टाकलं आणि ते इथं पोचलं असणार, हे उत्तमरावांना कळत नव्हतं असं नाही. दहाव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर ते शालिकरामजवळ येऊन बसले, दोनदा घसा साफ केला आणि म्हणाले, “पोस्ट मिळते ना रे इकडे येळेवर?”

“मिळते,” शालिकराम म्हणाला.

मग उत्तमरावांची बडनेऱ्याची गाडी निघायची वेळ झाली.

काही महिन्यांनी पत्रं पुन्हा सुरू झाली. शालिकराम प्रत्येक पाकीट अंगणातच उघडायचा. ह्या वेळी लिहिलं असेल. एक ओळ. ‘त्या दिवशी मी उठायला पाहिजे होतं.’ पण पत्रात पुन्हा पुस्तकंच असायची. सवयी मात्र बदलल्या होत्या. ‘आता मी खोलीत वाचत नाही, व्हरांड्यात रस्त्याकडे तोंड करून बसतो.’ ‘हल्ली प्रकरण संपवायची घाई होत नाही. कुणी फाटक वाजवलं की पुस्तक मिटतो. खूण ठेवायची राहून जाते, मग तीच पानं पुन्हा पुन्हा वाचतो.’ ‘शकुन म्हणते, तुम्ही वाचत नाही, नुसतं पुस्तक धरून बसता.’ शालिकरामला ह्याचा अर्थ कळत होता. पण त्याला अर्थ नको होता, ती ओळ हवी होती.

त्यानं स्वतःही कधी विचारलं नाही. त्याला कारण होतं. रोहित गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी घरी फोन आला होता. पोरगा म्हणाला होता, “बाबा, मी घरी येऊ काय? मन नाई लागून राह्यलं.” बाजारात झेंडू मातीमोल गेलेला दिवस होता. शालिकराम म्हणाला होता, “टेस्ट झाल्याबिगर यायचं नाई. सारखं रडू नको बायकांसारखं.” मैनाबाई शेजारीच उभी होती. पुढं तिनं त्या फोनविषयी नवऱ्याला एकदाही दोष दिला नाही. ‘तुमाले काय मालूम होतं,’ एवढंच म्हणाली. ती तसं म्हणाली की शालिकरामला पिशवीतलं पत्र आठवायचं. ते पत्र होतं तोवर पोराला परत पाठवणारा तो एकटा नव्हता. उत्तमरावांना विचारलं असतं आणि ते पाया पडले असते, तर मग हातात काय उरलं असतं?

तर तो मैनाबाईला नवी पत्रं वाचून दाखवत राहिला. तीही ऐकत राहिली. दोन-तीन वर्षांनी, एका पत्रातल्या कुठल्याशा गमतीवर, ती पुन्हा हसली. त्या दिवशी शालिकराम पत्र अर्धं टाकून मोटर बंद करायच्या निमित्तानं मळ्यात गेला.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. उत्तमरावांना पंचाहत्तरावं लागणार होतं. त्यांची एक विद्यार्थिनी, दीपमाला, आता अमरावतीलाच कॉलेजात शिकवत होती. तिनं ठरवलं, की सरांच्या वाचनाविषयीच्या पत्रांचं पुस्तक करायचं. सरांनी आणखीही मित्रांना पत्रं लिहिली होती, पण सगळ्यात जास्त अकोल्याच्या ह्या फुलवाल्याला. ती शालिकरामकडे आली ती हिवाळ्यात, एका रविवारी.

रोहित गेला त्या वर्षी ती नागपूरला शिकत होती. तिला त्याच्याविषयी काही माहीत नव्हतं. रोहितचा फोटो मैनाबाईनं बैठकीत कधी लावला नव्हता, आतल्या खोलीत देवाजवळ ठेवला होता. मैनाबाईनं दीपमालाला चहा दिला, शेवंतीची जुडी दिली. शालिकरामनं पत्र्याची पेटी पुढं केली. दीपमाला येणार म्हणून त्याच सकाळी त्यानं पिशवीतलं पत्र काढून तारखेनुसार पेटीत लावलं होतं.

त्याचा हिशेब साधा होता. पुस्तक छापायच्या आधी उत्तमराव वाचतील. त्यांच्यासमोर ते पत्र येईल. मग तरी बोलतील.

महिन्याभरानं दीपमालाचा फोन आला.

“काका, सर काही वाचायलाच तयार नाहीत. म्हणतात, स्वतःचं लिहिलेलं मी परत वाचत नाही, पत्रं तर नाहीच, तुलाच ठीक वाटेल ते घे. तुम्हाला तर त्यांची सवय माहीत आहे.”

“हो,” शालिकराम म्हणाला.

“आणि काका, एक पत्र तर इतकं सुंदर आहे! सुरुवातीलाच घेतलंय. कार्यक्रमात मी तेच वाचणार आहे. तुम्ही दोघांनी यायचंच.”

कोणतं पत्र, हे त्यानं विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे त्याला तेव्हाच कळलं. फोन पुन्हा लावावा, असं त्याला त्या आठवड्यात बरेचदा वाटलं. लावला नाही.

कार्यक्रम अमरावतीला एका सभागृहात होता. दोघं सकाळच्या गाडीनं गेले. मैनाबाईनं पहाटे उठून निशिगंधाचा टपोरा हार केला होता, ओल्या पंच्यात गुंडाळून मांडीवर धरून आणला. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. शकुनबाई मैनाबाईच्या शेजारी बसल्या. निवेदकानं सांगितलं, की सरांचे जुने मित्र अकोल्याहून आले आहेत, आणि मैनाबाईला वर बोलावलं. तिनं मंचावर जाऊन स्वतःच्या हातानं उत्तमरावांच्या गळ्यात हार घातला. उत्तमरावांनी वाकून तिला नमस्कार केला. ते खूप थकले होते, मान किंचित हलत होती. टाळ्या झाल्या. मैनाबाई लाजून खाली आली.

मग दीपमाला माइकपाशी गेली.

“लेखक कसा लिहितो ते सगळेच विचारतात,” ती म्हणाली. “आमचे सर कसे वाचतात ते मी आज सांगणार आहे. खरं तर तेच सांगतील. तारीख आहे बारा ऑगस्ट दोन हजार तेरा. प्रिय शालिक...”

मैनाबाई मांडीवरचा रिकामा पंचा घडी करत होती. तारीख ऐकली आणि तिचे हात थांबले.

दीपमाला फार छान वाचत होती. कंटाळवाण्या कादंबरीवर लोक हसले. यमाला हात दाखवून बस म्हणेन, ह्यावर सगळं सभागृह हसलं. तुझे चिरंजीव दोनदा दारात येऊन उभे राहिले. दोन्ही वेळा मी नुसता हात वर केला. इथं दीपमालानं सरांसारखा हात वर करून दाखवला. हशा आणि टाळ्या. दुसऱ्या वेळी तर दोनच पानं उरली होती.

मंचावर उत्तमराव खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून उठायला बघत होते, पण त्यांना उठता येईना. शकुनबाईंनी मैनाबाईच्या मनगटावर हात ठेवला. मैनाबाईनं तो बाजूला केला, उभी राहिली आणि मधल्या वाटेनं चालत दाराकडे गेली. लोकांना वाटलं, म्हाताऱ्या बाईला बाहेर जायचं असेल. त्यांनी पाय आखडून वाट दिली.

शालिकराम मागोमाग बाहेर आला. सभागृहाच्या आवारात मंडपवाल्यांच्या खुर्च्यांचा ढीग होता. त्याच्याजवळ मैनाबाई उभी होती.

“तुमाले मालूम होतं?” तिनं विचारलं.

तो खुर्च्यांच्या ढिगाकडे बघू लागला.

“मी पुसून राह्यली. हे पत्र तुमच्यापाशी होतं ना? मंग तुमाले मालूम होतं.”

“हो.”

“कवापासून?”

“चौथ्या दिवशी आलं होतं. तू दारातच होती. तू पुसलं बी होतं मले.”

मैनाबाईला तो दिवस आठवला.

“आन् तुमी मले म्हनले, पुस्तकाचंच हाय.”

“मैना, तुले अजून तरास...”

“तरास?” ती म्हणाली. “त्या मानसाची पत्रं तुमी मले वाचून दाखवली. एवढी वर्सं. मी हासली. त्याच्या घरी शेंगा धाडल्या मी. आज हार घातला त्याच्या गळ्यात, ह्या हातानं. तुमी खाली बसून पाहून राह्यले होते.”

शालिकरामनं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. त्याला म्हणायचं होतं, की फोनवर मीच त्याला येऊ नको म्हटलं, ते मला एकट्याला सहन होत नव्हतं. तेवढ्यात दार उघडलं आणि शकुनबाईंच्या खांद्याचा आधार घेत उत्तमराव बाहेर आले. गळ्यात हार तसाच होता. मागे दीपमाला होती, तिला कुणीतरी आत्ताच काही सांगितलं असावं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“वहिनी,” उत्तमराव म्हणाले.

शकुनबाईंनी ढिगातली एक खुर्ची ओढून त्यांना बसवलं. मैनाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती ओरडेल, असं शालिकरामला वाटलं. पण ती बाजारात भाव विचारावा तशा आवाजात बोलली.

“काय म्हनला तो?”

“काही नाई. नुसतं ‘काका’ म्हनला. दोन्ही खेपेले.”

“मंग?”

“मी हात केला. पह्यल्यांदा तो लगेच गेला. दुसऱ्यांदा थोडा उभा होता. मले त्याची सावली दिसत होती पुस्तकावर. मंग सावली गेली.”

“तोंड कसं होतं त्याचं? रडून राह्यला होता का?”

उत्तमरावांची मान हलत होती. “मी पाह्यलं नाई, वहिनी. मी वर पाह्यलंच नाई.”

“पानं सरल्यावर?”

“सरल्यावर गेलो मागच्या खोलीत. चप्पल नव्हती त्याची. मले वाटलं क्लासले गेला. मंग मी पत्र लिवाले बसलो.”

शकुनबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या. मैनाबाई रडली नाही. तिनं अजून एक विचारलं.

“काय होतं त्या पानाइत?”

“कोन्त्या?”

“ज्याच्यासाठी तुमी उठले नाई. काय होतं त्याच्यात? कोनी मरून राह्यलं होतं? कोनाचं लगन होतं? मले सांगा तं.”

उत्तमरावांनी डोळे मिटले. ते आठवायचा खरंच प्रयत्न करत होते, हे दिसत होतं. त्यांचे ओठ हलले.

“आठवत नाई,” ते म्हणाले. “पुस्तकाचं नाव बी आठवत नाई. लय धुंडलं मी मंग. नाई सापडलं.”

मैनाबाईनं मान हलवली, जणू तिला एवढंच विचारायचं होतं. ती फाटकाकडे वळली. दीपमाला आडवी आली, “काकू, मला खरंच काही माहीत नव्हतं,” असं म्हणत तिचे पाय धरायला वाकली. मैनाबाईनं तिला दंडाला धरून उभं केलं. “तुमचं काय हाय त्याच्यात, बाई. तुमी तं चांगलं वाचलं,” ती म्हणाली आणि निघाली.

गाडीत ती खिडकीपाशी बसली. शालिकराम शेजारी बसला. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं.

त्यानंतर घर चालू राहिलं. फुलं तोडावीच लागतात, नाही तोडली तर झाडावर सडतात. मैनाबाई पहाटे उठे, तोडणी करी, हार करी, नवऱ्याला ताट वाढी. ‘मोटर बंद करा’, ‘गऱ्हाईक आलं’, एवढं बोले. शालिकरामनं एका संध्याकाळी तिच्यासमोर बसून सगळं सांगून टाकलं, फोनचं, पत्राचं, ते आपण का ठेवलं त्याचं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “फोनचं मी तुमाले कवाच माफ केलं होतं. तुमालेच ते पुरलं नाई.” मग उठून दिवा लावायला गेली. पत्राविषयी ती काहीच बोलली नाही.

दीपमालानं पुस्तकाची विक्री थांबवली. छापलेल्या प्रती खोक्यांत तिच्या घरी पडून राहिल्या. अमरावतीहून पत्र येणं बंद झालं. शकुनबाईंचा एकदा फोन आला, की ह्यांनी व्हरांड्यातली खुर्चीसुद्धा आत घ्यायला लावली, दिवसभर पलंगावर पडून असतात, हातात काही धरत नाहीत. शालिकराम ‘बरं’ म्हणाला.

उन्हाळा लागायच्या सुमारास मैनाबाई एका सकाळी नवी साडी नेसून बाहेर आली.

“मी अमरावतीले चालली,” ती म्हणाली.

“मी येतो संगं.”

“नोका येऊ.”

तिनं एकटीनं एवढा प्रवास कधी केला नव्हता. राजापेठेत उतरल्यावर तिनं दोन-तीन दुकानांत पत्ता विचारला. कोचिंगच्या पोरापोरींची गर्दी फुटपाथवर होती, पाठीवर दप्तरं, हातात गाडीच्या चाव्या. ती कडेकडेनं चालत गेली. शकुनबाईंनी दार उघडलं आणि तिला बघून त्या बाजूला सरकल्या.

“त्याची खोली पाहाची हाय,” मैनाबाई म्हणाली. “मी कवाच पाह्यली नाई.”

मागच्या खोलीत आता शकुनबाईंची शिलाई मशीन होती, जुने पंखे, धान्याच्या कोठ्या. रोहितचा पलंग मात्र तिथंच होता. त्याच्यावर चादरींची चळत ठेवली होती. शकुनबाईंनी घाईघाईनं ती उचलली. मैनाबाई पलंगावर बसली. खिडकीतून शेजारच्या घराची पाण्याची टाकी दिसत होती, आणि थोडं आभाळ.

“इथून हेच दिसे त्याले?”

“हो. टेबल इकडे होतं. रात्री उशिरापर्यंत दिवा असायचा. शेवटी शेवटी तर झोपायचाच नाही. मी म्हणायची, रोहित, डोळे बघ कसे झाले. म्हणायचा, मोठीमाय, चहा दे.”

“मोठीमाय म्हने?”

“हो. ताट स्वतः धुवायचा. मी नको म्हणायची. वांगं आवडायचं नाही त्याला, तरी खायचा, कुणाला सांगायचा नाही. मला फार उशिरा कळलं.”

“लहानपनापासून नाई आवडत,” मैनाबाई म्हणाली.

शकुनबाई जमिनीवर तिच्या पायापाशी बसल्या. “मी त्या दिवशी घरी नव्हते, मैनाताई. मोझरीला गेले होते, प्रार्थनेला. घरी असते तर तो माझ्याकडे आला असता. रोज वाटतं मला. ह्यांच्याशी मी वर्षभर धड बोलले नाही. मग म्हातारं माणूस, कुठवर...”

मैनाबाई पलंगाच्या लोखंडी कडेवरून हात फिरवत होती. दोघी तशाच बसल्या. शकुनबाई आठवेल तसं सांगत गेल्या: तो आंघोळीला किती वेळ लावायचा, पतंगाच्या दिवसांत गच्चीवरून कसा उतरत नसे, एकदा ताप आला तेव्हा झोपेत कसा आईला हाका मारत होता. मैनाबाई मधेच एखादं विचारायची, ‘कोन्त्या महिन्यात?’, ‘मंग औषद दिलं का?’ अकरा वर्षांपूर्वीचा ताप आज उतरायचा असल्यासारखं.

बाजूच्या खोलीचं दार उघडं होतं. तिथं पलंगावर उत्तमराव भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते जागे होते. मधूनच खोकत होते. मैनाबाई निघाली तेव्हा त्या दारावरून गेली. थांबली नाही, आणि त्यांनीही हाक मारली नाही.

फाटकाशी शकुनबाईंनी विचारलं, “पुन्हा याल?”

“येतो,” मैनाबाई म्हणाली. “तुमी आठवून ठेवजा. आजून काई असंल तं.”

अकोल्याच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा ऊन कलत आलं होतं. शालिकराम दुपारपासून तिथं उभा होता. ती उतरली. त्यानं तिच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढं केला. तिनं पिशवी दिली. रिक्षापर्यंत दोघं पुढंमागं चालत गेले. ती मागच्या सीटवर मधोमध बसली आणि पदर आवरून बाहेर बघू लागली. शालिकराम थोडा वेळ तिथंच उभा राहिला. मग पिशवी छातीशी धरून तो पुढं, ड्रायव्हरच्या बाजूला बसला.